पेज फॉल्ट, अनावश्यक

प्रोग्रामने वापरलेल्या आभासी पत्त्याची पेज टेबलात वैध नोंद नसली, की प्रोसेसर चालू सूचना अडवून ताबा कर्नलकडे देतो. हा पेज फॉल्ट. पान डिस्कवरून आणावे लागले तर ‘मेजर’. मेमरीतच असून नुसती नोंद करायची असेल तर ‘मायनर’. मागणीनुसार पाने आणणाऱ्या व्यवस्थेत पहिल्या वापराचा फॉल्ट अटळ असतो. नुकतेच बाहेर काढलेले पान लगेच परत मागवावे लागणे, हा खरा अपव्यय.

मागणीनुसार पाने आणणे मँचेस्टरच्या ॲटलस संगणकापासून (१९६२) सुरू झाले. लास्लो बेलाडी यांनी १९६६मध्ये दाखवलेली इष्टतम निवड, म्हणजे सर्वांत उशिरा लागणारे पान काढणे, भविष्य ठाऊक असल्याशिवाय शक्य नाही. ती तुलनेपुरती उरते. पीटर डेनिंग यांची ‘वर्किंग सेट’ कल्पना, म्हणजे प्रोग्रामने नुकतीच वापरलेली पाने मेमरीत राखणे, १९६८ची.

व्हॅक्स-११/७८० (१९७७) हे यंत्र या विषयात विशेष बोधप्रद. पान अवघे ५१२ बाइटांचे, आणि ते वापरले गेले का हे सांगणारा बिट हार्डवेअरमध्ये नव्हताच. त्यावरच्या व्हीएमएस या कार्यप्रणालीने प्रत्येक प्रोसेसची पाने आल्या क्रमाने काढली, पण काढलेले पान लगेच पुसले नाही. ते ‘फ्री’ किंवा ‘मॉडिफाइड’ यादीत थांबे. तेवढ्यात मागणी आली तर डिस्ककडे न जाता परत मिळे. बदललेली पाने डिस्कवर एकगठ्ठा लिहिली जात. बर्कलीत ओझाल्प बाबाओलू आणि बिल जॉय यांनी उलटी वाट धरली: मेमरीतली पाने मुद्दाम अवैध ठरवायची आणि ज्यांवर फॉल्ट येईल ती वापरात आहेत असे मानायचे. महागडे फॉल्ट टाळण्यासाठी स्वस्त फॉल्ट ओढवून घेण्याची ही युक्ती बर्कलीच्या ३बीएसडी या कार्यप्रणालीत (१९७९) आली.

लिनक्स ३.१५पासून (२०१४) फाइलच्या पानावर फॉल्ट आला की आसपासची, मेमरीत आधीच असलेली पानेही त्याच फेरीत जोडली जातात. मर्यादा सहसा ४ किलोबाइटांची १६ पाने. २ मेगाबाइटांच्या मोठ्या पानांनी फॉल्ट घटतात. मात्र मेमरी वाया जाण्याच्या शक्यतेमुळे ती सरसकट वापरावीत का, यावर एकमत नाही.

प्रोग्रामरकडून : सी भाषेत १०२४ × १०२४ पूर्णांकांचा ॲरे स्तंभानुसार वाचला, तर एका स्तंभासाठी १०२४ पाने लागतात, ओळीनुसार वाचल्यास एका ओळीला एकच पान पुरते. वेळेचे बंधन कडक असलेले प्रोग्राम ‘एमलॉकऑल’ने आपली पाने मेमरीत अडकवून ठेवतात.

विंडोज : एक्सपीपासून (२००१) प्रीफेचर, म्हणजे लागतील अशी पाने आधीच मेमरीत आणून ठेवणारा भाग.