सूक्ष्म धूलिकणांचे रासायनिक मापन आणि नमुना संकलनातील त्रुटी : कोल्हापूरच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भारतात हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९८१ मध्ये संमत झाला आणि १९८४ पासून राष्ट्रीय पातळीवर हवेच्या मापनास प्रारंभ झाला. पुढे कोल्हापुरातही शिवाजी विद्यापीठ परिसर, रुईकर ट्रस्ट व महाद्वार रोड येथे मापन केंद्रे आली. आरंभी प्रश्न होता तो धूळ किती, हा. ती कशाची, हा प्रश्न नंतरचा होय. आणि त्याचे उत्तर नमुना कसा घेतला यावर अवलंबून असते.

त्रुटींचे स्वरूप :
वजनासाठी काचतंतूंचा फिल्टर पेपर सोयीचा होता. रासायनिक विश्लेषणात मात्र तोच दोषास कारण ठरतो. तो अल्कधर्मी असल्याने हवेतील सल्फर डायऑक्साइड त्यावर शोषला जाऊन सल्फेट बनते आणि धुळीतील सल्फेट प्रत्यक्षापेक्षा अधिक भरते. अमोनियम नायट्रेटचे उलट होते. थंडीच्या पहाटे फिल्टरवर जमलेले हे कण दुपारच्या उन्हात वायुरूप होऊन निघून जातात. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतकाम कारखान्यांतील साच्यांची वाळू मुख्यतः सिलिकाची असते, काचही सिलिकाचीच. अशा फिल्टरवर वाळूची धूळ वेगळी ओळखणार कशी?

त्रुटींचे निवारण :
१९८३ मध्ये पोझान्झिनी, फेबो व लिबर्ती या इटालियन संशोधकांनी वलयाकार डिन्यूडर मांडला. रसायनाचा लेप दिलेल्या या नळीत वायू भिंतींवर अडकतात व कण पुढे फिल्टरवर जातात. मूलद्रव्यांसाठी टेफ्लॉन, कार्बनसाठी क्वार्ट्झ आणि उडून जाणाऱ्या नायट्रेटसाठी मागे नायलॉन, अशी फिल्टरची विभागणीही रूढ झाली. स्थिर आर्द्रतेत वजन करणे, नमुने थंड ठेवणे व कोरे फिल्टर सोबत तपासणे हे साधे उपायही तितकेच मोलाचे होत. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत पहिल्या उपायाचे महत्त्व विशेष आहे.

समारोप :
२००९ च्या राष्ट्रीय मानकांत पीएम २.५ चा समावेश होऊन २४ तासांची मर्यादा ६० व वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ठरली. वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा, किमान १०४ मापने आवश्यक मानली गेली. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूरचा समावेश झाल्यावर ओतकाम, वाहने, रस्ते व उसाचा पाला जाळणे यांचा वाटा ठरविणे अपरिहार्य झाले. सल्फेट फुगले तर इंधन जाळणाऱ्या उद्योगांवर अवाजवी दोष येतो. नायट्रेट उडाले तर वाहनांचा वाटा झाकला जातो. चुकीच्या नमुन्यावर प्रयोगशाळेतील उत्तमोत्तम उपकरणही अचूकपणे चुकीचेच उत्तर देते. म्हणून उपाययोजनेची न्याय्यता प्रथम फिल्टरवर ठरते.