साष्टीची दप्तरे आणि शाळेचे रजिस्टर

इतिहास मुंबई शहराला असतो, उपनगरांना तो नसतो, अशी समजूत आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात घर करून आहे. किल्ला, गिरगाव, परळ यांच्यावर ग्रंथ झाले. अंधेरी, मालाड, भांडुप, मुलुंड ही मात्र लोकलच्या थांब्यांची नावे होऊन राहिली. प्रत्यक्षात ज्या साष्टी बेटावर ही उपनगरे वसली, त्याविषयीचे लेखी पुरावे आठशे वर्षांहून अधिक जुने आहेत. कागद मुबलक आहेत. ते कोणी, कशासाठी लिहिले आणि त्यांत कोणाची नावे आली, हे आपण क्वचितच विचारतो.

परळ येथे सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा ११८७ सालचा शिलालेख पाहा. त्यात या मुलखाचे नाव ‘षट्षष्टि’, म्हणजे सहासष्ट गावांचा प्रदेश, असे येते. ‘साष्टी’ त्यावरूनच झाले. त्या प्रदेशातील महावली गावच्या एका बागेच्या उत्पन्नातून २४ द्रम्म वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी लावून दिल्याची ती नोंद आहे. दानाचा मजकूर संस्कृतात आहे. दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी तेवढी मराठीत आहे, आणि तिच्या जोडीला गाढवाची आकृती. ज्याला धाक घालायचा होता त्याला संस्कृत येत नव्हते, हे उघड आहे. साष्टीचा सामान्य रहिवासी लेखी इतिहासात प्रथम शिरतो तो असा, शिवीचा धनी म्हणून!

त्यानंतरचा मोठा ऐवज म्हणजे ‘महिकावतीची बखर’. निरनिराळ्या काळांत रचलेल्या प्रकरणांचा हा संग्रह; त्याचा एक भाग केशवाचार्यांनी १४४८ साली लिहिला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ साली ती प्रसिद्ध केली. आज जी गावे गृहसंकुलांच्या फलकांवर दिसतात, त्यांतील कित्येकांची नावे तीत भेटतात. तथापि, बखरकारांचे मन गुंतले आहे ते कुळे, वंश आणि मानपान यांत.

१५३४ च्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. त्यांनी गावे आपल्या सरदारांना महसुलासाठी वाटून दिली आणि त्यांचे उत्पन्न वह्यांत नोंदविले. गावोगाव चर्च उभी राहिली. मरोळजवळचे १५७९ सालचे चर्च, आज भग्नावस्थेत का होईना, उभे आहे. चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याची रीत होती. १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलेल्या येथील मराठीभाषक ख्रिस्ती समाजाला आपले पणजोबा-खापरपणजोबा शोधण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा राहिला. त्यांच्याच शेजारच्या, त्याच खाडीत जाळे टाकणाऱ्या हिंदू कोळी कुटुंबापाशी अशी वही नसते. दोन घरांच्या मध्ये एक कुंपण. पण एका घराला लेखी पूर्वज आहेत आणि दुसऱ्याला केवळ आठवणीतले.

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेने साष्टी मराठ्यांकडे आली आणि कारभार मोडीत लिहिला जाऊ लागला. पस्तीस वर्षांनी, १७७४ च्या अखेरीस, इंग्रजांनी ती घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. म्हणजे एकाच गावाचा माग काढायचा, तर पोर्तुगीज, मोडी मराठी आणि इंग्रजी असे तीन दरवाजे ठोठवावे लागतात. त्यांतला मधला दरवाजा आपला, आणि तोच आपल्याला उघडत नाही. मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. या लिपीची खरी किंमत अलीकडे, २०२३ पासून, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा सर्वांना कळली. एरवी ती हौशी अभ्यासकांची बाब समजली जात होती.

इंग्रजी अमदानीत साष्टीतील गावेच्या गावे धनिकांच्या हाती गेली. पवई फ्रामजी कावसजींकडे, कुर्ला वाडियांकडे. त्या काळच्या दस्तऐवजांत मालकाचे नाव ठळक अक्षरांत असते. भात लावणारा, ताडी काढणारा, मिठागरात राबणारा माणूस ‘रयत’ या एका शब्दात मावतो. १८८२ साली प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर याहून उदार आहे. त्यात जाती, धंदे, पिके, बाजार, देवळे यांची वर्णने येतात आणि आजही आपण सारे त्यावाचून पाऊल टाकू शकत नाही. परंतु त्यातली माणसे समूहाने येतात. कोळी असे असतात, आगरी तसे असतात; एखादी कोळीण नावानिशी बोलताना दिसत नाही.

पुढचा प्रवास सर्वांच्या परिचयाचा आहे. १८५३ ची ठाण्याची आगगाडी, १८९६ च्या प्लेगनंतर मोकळ्या हवेच्या शोधात उत्तरेकडे सरकलेली मध्यमवर्गीय वस्ती, १९२० मध्ये ठाण्यापासून वेगळा काढलेला उपनगर जिल्हा, १९५० आणि १९५७ या दोन टप्प्यांत दहिसर-मुलुंडपर्यंत रुंदावलेली महापालिकेची हद्द. या साऱ्याची दप्तरे आहेत: सातबारा, फेरफार, मालमत्ता पत्रक, सोसायट्यांची इतिवृत्ते. त्यांतली बहुतेक जमिनीभोवती फिरतात. ज्याच्यापाशी जमीन नाही, तो भाडेकरू, गिरणीतला बदली कामगार, फाळणीनंतर मुलुंड-चेंबूरच्या छावण्यांत आलेला सिंधी निर्वासित, आरेच्या पाड्यातला वारली, यांचा शोध तेथे लागणे कठीण. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना होऊन फोटोपास दिले गेले, तेव्हा लाखो लोक पहिल्यांदाच सरकारी कागदावर आले. तेही झोपडीच्या क्रमांकाने.

येथे आपल्या शाळेच्या कपाटातील एका जाड वहीकडे वळतो. जनरल रजिस्टर. प्रत्येक शाळेने ते कायमस्वरूपी जपायचे असते. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक, कारण, शेरा. जमीन असो वा नसो, मूल पहिलीत आले की त्याला एक क्रमांक आणि एक आडवी ओळ मिळते. उपनगराच्या दप्तरांत एवढी सरसकट दुसरी नोंद मला तरी ठाऊक नाही.

जन्मस्थळाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचत गेले की कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून माणसे केव्हा आणि कोणत्या क्रमाने आली, याचा आराखडा उमटू लागतो. शाळा सोडण्याच्या कारणांतून ती पुढे कोठे गेली, ते कळते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतरची पाने या दृष्टीने कोणीतरी अवश्य पाहावीत. या वहीच्याही खोडी आहेत. जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहीत. त्यामुळे एका वर्गात डझनभर मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येई. आईच्या नावाचा रकाना पुष्कळ उशिरा आला. तोपर्यंतच्या मुलांच्या आया, ज्यांनी हाताला धरून त्यांना शाळेत आणले, त्या वहीत कोठेही नाहीत.

या ओळींचे मोल जातपडताळणीला गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि बहुधा आजोबांच्या शाळेची वहीच तो देते. पान फाटले, वाळवीने खाल्ले, तर नातवाचा प्रवेश अडतो.

मुंबईत मराठी माध्यमाच्या शाळा एकामागून एक बंद पडत असताना म्हणूनच चिंता वाटते. बंद शाळेची बाके कोणीतरी नेतो, घंटाही नेतो. रजिस्टरांचा वाली कोण? हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेच्या सर्व जनरल रजिस्टरांची पानन्‌पान छायाचित्रे काढून ती दोन ठिकाणी जतन करावीत, असे मी सुचवितो. नावे व जाती सार्वजनिक करण्याचे मुळीच कारण नाही. ती ज्याची त्याची. अभ्यासासाठी वर्ष, जन्मगाव, आधीची शाळा आणि सोडण्याचे कारण एवढेच चार रकाने उतरविले तरी पुरे. सुट्टीच्या काही दिवसांत आठ-दहा जणांनी बसून होण्याजोगे हे काम आहे. सुरुवात पहिल्या खंडापासून करावी. शाई सर्वांत फिकी तेथेच झाली असणार.