अंगठ्याला भाव, झोपेला नाही

21 ऑक्टोबर 1858 रोजी वीर बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. इतिहासाने त्यांचे नाव जपले. ते योग्यच झाले. पण त्या भिंतींआड पिढ्यान्‌पिढ्या पहारा करणाऱ्यांचे काय? मी हे विचारतो, कारण माझे वडील तुरुंगात शिपाई होते.

आमच्या वस्तीत कोळसा खाणीतले मजूरही राहत. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने त्यांच्या अंगठ्याचा भाव ठरवला होता : अंगठा गेला, तर कमाईची शक्ती 30 टक्के घटली. तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता. मनाचा आजार नव्हता. बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या खाणीत स्वतः उतरले. पहारेकऱ्याच्या कोठडीत कोण उतरणार?

एका कैद्याने गळफास घेतला. दोर वडिलांनी कापला. त्यानंतर त्यांना सलग झोप कधी लागली नाही. कचेरीत विचारले गेले, ‘जखम कुठे आहे?’ दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हते.

कैद्याच्या आईचे दुःख याहून मोठे, हे मी जाणतो. पण म्हणून व्यवस्थेची सुटका होत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती यादी मनापर्यंत नेली नाही. ती न्यावी, एवढीच माझी मागणी आहे.