खारजमिनीपासून भूखंडापर्यंत : बेलापूर परिसरातील शेतकरी कुटुंबांच्या अर्थव्यवस्थेचे स्थित्यंतर

प्रस्तावना

सीबीडी बेलापूर हा नवी मुंबईचा मध्यवर्ती व्यापारी विभाग म्हणून परिचित आहे. कोकण भवन, सिडको भवन, नवी मुंबई महानगरपालिकेचे मुख्यालय व अनेक शासकीय कार्यालये येथे एकवटली आहेत. तथापि या कार्यालयांच्या मध्येच बेलापूर, शहाबाज, आग्रोळी, दिवाळे ही जुनी गावे आजही आपले अस्तित्व टिकवून आहेत. ज्या जमिनीवर हा व्यापारी विभाग उभा राहिला, ती या व आसपासच्या गावांतील आगरी, कोळी व इतर शेतकरी कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार होती.

नवी मुंबईच्या इतिहासाची मांडणी बहुधा नगरनियोजनाच्या अंगाने केली जाते, तर प्रकल्पग्रस्तांच्या इतिहासाची मांडणी मोबदल्याच्या लढ्याच्या अंगाने. शेतकरी कुटुंब हे एक उत्पादक घटक असते आणि त्याचा व्यवसाय बदलत्या परिस्थितीत टिकवावा लागतो, हा विचार या दोन्ही मांडणींत काहीसा मागे पडतो. प्रस्तुत निबंधात तो केंद्रस्थानी ठेवला आहे. येथील पुनर्वसनाने जमिनीच्या मालकाला ओळखले, परंतु त्याच्या व्यवसायाला ओळखले नाही, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

खारजमिनीवरील मिश्र अर्थव्यवस्था

शेतीला जोडधंद्याची साथ द्यावी, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकासाच्या कार्यक्रमांतून रुजला, असा एक समज आहे. बेलापूर-पनवेल खाडीकाठच्या गावांचा अनुभव या समजाला छेद देणारा आहे. भरतीचे पाणी अडविण्यासाठी खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालणे, बांधातील उघाडीतून ओहोटीच्या वेळी आतील पाणी बाहेर सोडणे आणि पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन काढून तेथे भात पिकविणे, ही खारशेतीची पद्धत होती. बांध फुटला तर एकाचे नव्हे, सगळ्या खाराचे पीक बुडे. म्हणून बांधाची राखण हे सामूहिक कर्तव्य मानले जाई. कुलाबा जिल्ह्याच्या काही भागांत त्यासाठी शेतकऱ्यांकडून धान्यरूपाने शिलोत्री घेण्याची रीत होती. स्वातंत्र्योत्तर काळात १९४८ च्या खारजमीन कायद्याने व पुढे १९७९ च्या कायद्याने या कामात शासनाने लक्ष घातले.

खारजमिनीत सामान्यतः वर्षाला भाताचे एकच पीक येते. पाऊस संपला की खालचे क्षार पुन्हा वर येऊ लागतात व रब्बीचे पीक घेणे अवघड होते. त्यामुळे कापणीनंतरचे सहा-सात महिने शेतकऱ्याला दुसरा उद्योग शोधणे भाग होते. मिठागरांतील काम, खाडीतील मासेमारी, होड्यांवरील वाहतूक, रेती काढणे हे ते उद्योग होत. विशेष म्हणजे मीठ पिकविण्याचा हंगाम हिवाळ्यापासून मृगाच्या आगमनापर्यंतचा, म्हणजे नेमका शेत रिकामे असण्याचा. ‘आगर’ या शब्दाशी आगरी समाजाचे नाव जोडले जाते, ते याच संदर्भात. मासळीचा बाजार व घरखर्चाचा हिशेब अनेक घरांत स्त्रियांच्या हाती असे. थोडक्यात, भात, मीठ व मासळी या तीन पायांवर हे कुटुंब उभे होते, आणि एका पायाला धक्का बसला तर उरलेले दोन त्याला सावरून धरीत.

या कुटुंबांना जमिनीची मालकी मात्र उशिरा मिळाली. खोत व सावकार यांच्याविरुद्ध कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात शेतकऱ्यांचा दीर्घ संप झाला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कुळे जमिनीची मालक मानली गेली. या तारखेनंतर अवघ्या तेरा वर्षांत नव्या शहरासाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली. पिढ्यान्‌पिढ्या कूळ असलेल्या अनेक कुटुंबांच्या दृष्टीने मालकीचा काळ हा असा अल्पजीवी ठरला.

१९७० चे भूसंपादन आणि मोबदल्याचे गणित

मुंबईच्या वाढीला खाडीपलीकडे वाट करून द्यावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील काही जमिनी त्याआधीच औद्योगिक वसाहतीसाठी गेल्या होत्या.

संपादन १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये झाले. त्या कायद्यानुसार जमिनीची किंमत कलम ४ च्या अधिसूचनेच्या दिनांकाला जो बाजारभाव असेल, त्यावरून ठरे. प्रत्यक्ष निवाडा मात्र अनेक वर्षांनी होऊ शके. दरम्यान शहर आकार घेई, शेजारच्या विकसित भूखंडाचा भाव चढत जाई आणि शेतकऱ्याचा भाव १९७० मध्येच थांबलेला राही. शिवाय हा भाव केवळ जमिनीचा होता. मिठागरात मजुरी करणाऱ्याचा हंगाम, खाडीत जाळे टाकणाऱ्याचा वहिवाटीचा हक्क, होडीवाल्याचे भाडे यांची नोंद सातबारा उताऱ्यावर नव्हती. साहजिकच संपादनाच्या हिशेबातही ती आली नाही. तीन पायांपैकी एकाच पायाची किंमत झाली, आणि तीही जुन्या दराने.

या अन्यायाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटित झाले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई-नवघर परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्याच वर्षी भूसंपादन कायद्यात दुरुस्ती होऊन दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली व निवाड्यासाठी दोन वर्षांची मुदत घालण्यात आली. ही दुरुस्ती देशव्यापी होती व तिची कारणे अनेक होती. परंतु रोख मोबदल्यापलीकडे विकसित जमिनीतच शेतकऱ्याचा वाटा असावा, हे तत्त्व पुढे आले, ते या लढ्यामुळे.

साडेबारा टक्के योजना : प्राप्ती आणि मर्यादा

६ मार्च १९९० च्या शासन निर्णयाने व पुढे २८ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयाने संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकांना देण्याचे धोरण आकाराला आले. सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा जाता प्रत्यक्ष हाती पावणेनऊ टक्के येत. म्हणजे एक एकर, अर्थात सुमारे ४,००० चौरस मीटर जमीन गेलेल्या कुटुंबाला सुमारे ३५० चौरस मीटरचा भूखंड मिळे. भूखंड भाडेपट्ट्याने असे. त्यावर दीड चटईक्षेत्र निर्देशांकाने बांधकाम करता येई व त्यातील काही भाग वाणिज्य वापरासाठी ठेवता येई.

देशातील भूसंपादनाच्या इतिहासात ही योजना निःसंशय पुढचे पाऊल होती. परंतु व्यवसायाच्या दृष्टीने पाहता तिच्यात तीन उणिवा दिसून येतात. पहिली, भूखंड हे भांडवल होते, व्यवसाय नव्हता. बांधकामासाठी लागणारा पैसा, परवानग्या व अनुभव कुटुंबाजवळ नसल्याने अनेक भूखंड विकासकांच्या हाती गेले. दुसरी, लाभ सातबाराशी बांधलेला असल्याने भूमिहीन मिठागर मजूर व कोळी कुटुंबे परिघाबाहेर राहिली. तिसरी, वारसांत वाटणी होता होता भूखंडातील प्रत्येकाचा हिस्सा उद्योगाला अपुरा ठरला. सिडकोने प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी विद्यावेतन व तांत्रिक प्रशिक्षणाच्या योजना राबविल्या, हे नमूद केले पाहिजे. मात्र त्यांचा रोख नोकरीकडे होता, कुटुंबाच्या उद्योगाकडे नव्हता.

ही पोकळी गावकऱ्यांनी आपल्या परीने भरून काढली. गावठाणात व त्यालगत चाळी बांधून खोल्या भाड्याने देणे, वाहतूक, बांधकाम साहित्याचा पुरवठा, लहानमोठी कंत्राटे हे नवे जोडधंदे झाले. शहराला कामगार हवे होते, कामगारांना परवडणारे घर हवे होते, आणि नियोजनात त्याची सोय अपुरी होती. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणून जो प्रश्न पुढे गाजला, त्याच्या मुळाशी वाढत्या कुटुंबाची निवाऱ्याची गरज होती, तशीच उत्पन्नाची गरजही होती. ज्याला नियोजनकारांनी अतिक्रमण म्हटले, ते आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने शेतकरी कुटुंबाने केलेले व्यवसायांतर होते.

१९९० : दोन धोरणे

याच १९९० च्या सुमारास राज्य शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली. कोकणातील वरकस जमिनींवर आंबा-काजूच्या लागवडीला तिने मोठी चालना दिली. बाग उत्पन्न देईपर्यंतचा खर्च शासनाने उचलावा, हे तिचे सूत्र होते. बेलापूरपासून जवळच पनवेल येथे कोकण कृषी विद्यापीठाच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ यांसारख्या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती विकसित केल्या. म्हणजे व्यवसाय बदलताना मधल्या काळात शेतकऱ्याला आधार लागतो, याची जाण शासनाला होती. ती कृषी धोरणात दिसते, नगरविकासाच्या धोरणात मात्र दिसत नाही. वाशी-तुर्भे येथे राज्यातील सर्वांत मोठी कृषी बाजारपेठ उभी राहिली, ती शेती सोडाव्या लागलेल्यांच्या परिसरात, हा विरोधाभास येथे बोलका आहे.

तुलना आणि पुढील वाटचाल

पुण्याजवळील हडपसर येथे मगरपट्ट्यातील सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांहून अधिक जमीन एकत्र करून स्वतःची विकास कंपनी स्थापन केली. जमिनीच्या प्रमाणात भागभांडवल, आणि बांधकामातील कामे व पुरवठा यांत कुटुंबातील तरुणांना संधी, असे तिचे स्वरूप होते. तेथील शेतकरी एकमेकांचे आप्त होते, पाण्याखालची शेती होती व जमीन सलग होती. त्यामुळे तो नमुना खाडीकाठी जसाच्या तसा लागू पडणार नाही. तरीही जमीन देणारा हा विकासाचा भागीदार होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावांच्या पुनर्वसनात विकसित भूखंडाचे प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. या विमानतळाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. २०१३ पासून आखल्या गेलेल्या ‘नैना’ क्षेत्रातील नगररचना परियोजनांत मूळ धारकाकडे ४० टक्के क्षेत्राचा अंतिम भूखंड राहतो. साडेबारा, साडेबावीस, चाळीस अशी ही चढती टक्केवारी लढ्याचे यश दर्शविते. मात्र प्रश्न अजूनही टक्क्यांच्याच भाषेत विचारला जातो. त्या भाषेबाहेर राहिलेल्यांना वेगळे दार ठोठवावे लागले. उरण-गव्हाण परिसरातील चार वस्त्यांमधील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिला. खाडीवरील वहिवाट ही उपजीविका आहे व तिचे मूल्य होऊ शकते, हे १९७० मध्ये न मानलेले तत्त्व त्यायोगे मान्य झाले.

निष्कर्ष

१) बेलापूर परिसरातील शेतकरी कुटुंबाची अर्थव्यवस्था भूसंपादनापूर्वीच बहुविध होती. तिच्यातील वैविध्य हेच तिचे संरक्षण होते.

२) भूसंपादनाने या वैविध्याऐवजी एकच मालमत्ता, प्रथम रोख रक्कम व नंतर भूखंड, कुटुंबाच्या हाती दिली.

३) पुनर्वसनाचे मोजमाप सातबारावरील क्षेत्राने झाल्याने स्त्रियांचे, मजुरांचे व मच्छीमारांचे उत्पन्न हिशेबाबाहेर राहिले.

४) व्यवसायांतराच्या काळात भांडवल, प्रशिक्षण व सामूहिक संस्था यांचे साहाय्य फळबाग योजनेप्रमाणे काही वर्षे सलग मिळणे आवश्यक असते.

‘नैना’ क्षेत्रातील गावे आज त्याच उंबरठ्यावर उभी आहेत, जेथे बेलापूर, शहाबाज व आग्रोळी १९७० मध्ये उभी होती. भूखंड वाटपाच्या तक्त्यासोबत प्रत्येक गावातील उपजीविकांची नोंद संपादनापूर्वीच झाली आणि गावाच्या सहकारी संस्थेला विकसित क्षेत्रात उद्योगासाठी जागा राखून ठेवली गेली, तर खाडीकाठच्या कुटुंबांनी सोसलेल्या अनुभवाचा उपयोग पुढील गावांना होईल.