मुल्कोवालची बाटली

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगप्रतिबंधक लस टोचण्यात आली. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताने गाठले आणि ते सारे दगावले. पाच बाटल्या वापरल्या गेल्या होत्या. हे एकोणीसही जण ‘५३-एन’ या एकाच बाटलीचे.

बाटली ४१ दिवसांपूर्वी मुंबईत, परळच्या प्लेग प्रयोगशाळेत भरलेली. प्रमुख होते लसीचे जनक वाल्देमार हाफकिन. चौकशी आयोगाचा युक्तिवाद असा : मृत्यू एकाच बाटलीचे, हाफकिन यांनी लसीत कार्बॉलिक आम्ल घालणे सोडून निर्जंतुकीकरणाची सारी भिस्त उष्णतेवर ठेवलेली, तेव्हा बाटली मुल्कोवालला उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले.

या युक्तिवादाला खरा छेद कशाने जातो?

१८९७ साली हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे सांगून भागत नाही. त्याने त्यांची निष्ठा दिसते. जंतू कोठे शिरले, हे कळत नाही. उष्णतेची पद्धत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही रूढ होती, हा मुद्दा बरा. पण चांगल्या पद्धतीतही हातून चूक होतेच. ‘एकच बाटली’ हा पुरावा तर दोन्हीकडे सारखाच बोलतो, कारण ती बाटली परळला जशी एकदा भरली गेली, तशीच मुल्कोवालला एकदा उघडलीही गेली.

निर्णायक ठरतो तो वास. बूच काढताना डॉक्टरांना दुर्गंधी आली नव्हती. धनुर्वाताचे जंतू ४१ दिवस त्या द्रवात वाढले असते, तर उग्र दर्प लपला नसता. दुसरी बाब चिमट्याची. बूच काढण्याचा चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला. तो ज्योतीवर न धरता कार्बॉलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात आणि एवढ्याने मरत नाहीत. पहिली बाब आयोगाची साखळी तोडते, दुसरी मृत्यूंचे वेगळे कारण पुढे ठेवते. दोन्ही चौकशीच्या कागदपत्रांतच होत्या.

जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हेच मांडले, आणि त्याच वर्षअखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत मिळाली नाही. ते कलकत्त्यास रुजू झाले. त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.