आजोबांची बंदूक: वारशाने आलेलं शस्त्र घरात ठेवता येतं का?

खंडेनवमीला जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड भागात विळा, कोयता, नांगराचा फाळ, ट्रॅक्टर असं सगळं हळदकुंकू लावून पुजलं जातं. एखाद्या घरात त्या रांगेत जुनी बंदूकही असते. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावरची. तिचा बार कित्येक वर्षांत उडालेला नसतो, काडतुसं केव्हाच संपलेली असतात, पण ती घराण्याची खूण म्हणून जपलेली असते. अडचण येते परवानाधारक गेल्यावर. घरच्यांच्या लेखी ती आठवण असते. कायद्याच्या लेखी ते विनापरवाना माणसाच्या ताब्यात असलेलं शस्त्र. आणि त्याची शिक्षा किरकोळ नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर साध्या प्रकारची बंदूक विनापरवाना बाळगली तरी किमान 2 आणि कमाल 5 वर्षं कैद व दंड होऊ शकतो.

जयसिंगपूर शहर तसं तरुण. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेली ही बाजारपेठ. पण भोवतीचा मुलूख संस्थानांचा आणि जहागिरींचा. जवळच पटवर्धनांचं कुरुंदवाड, पलीकडे मिरज आणि सांगली, इकडे इचलकरंजी आणि कागल, आणि सगळ्यांत मोठं कोल्हापूर. शाहू महाराजांना शिकारीचा मोठा नाद होता. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात शस्त्रं आणि पेंढा भरलेली जनावरं आजही बघायला मिळतात. सरदार, इनामदार, पाटील यांच्या घरी बंदूक असणं मानाचं मानलं जायचं. मार्च 1948 मध्ये पटवर्धनांची संस्थानं विलीन झाली, 1 मार्च 1949 ला कोल्हापूर. मग 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले आणि शिकारीच्या दुनळ्या भिंतीवर किंवा कपाटात गेल्या.

घरातली बंदूक नेमकी कोणती?

मराठी नावांतच बंदुकीचं वय लपलेलं आहे. सर्वांत जुनी तोड्याची. तोडा म्हणजे जळती वात. चाप ओढला की ती कानावरच्या रंजकेला लागायची आणि बार उडायचा. मग आली चकमकीची, जिच्यात गारेच्या ठिणगीने काम भागायचं. एकोणिसाव्या शतकात तांब्याची छोटी टोपी, म्हणजे केप, आली. या तिन्ही ठासणीच्या बंदुका: दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासायचे. त्यानंतरची काडतुसाची, मधून मोडून भरायची. बारा बोअरची दुनळी हा तिचा सगळ्यांत ओळखीचा अवतार.

चांगल्या दुनळीची किंमत तिच्यावरच्या बारीक अक्षरांत असते. वेस्टली रिचर्ड्स आणि ग्रीनर हे बर्मिंगहॅमचे, हॉलंड अँड हॉलंड लंडनचे, मँटन कंपनीचं दुकान कलकत्त्यात. नळीच्या खालच्या बाजूला लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या तपासणी गृहाचे शिक्के असतात. बंदूक कोणत्या दारूसाठी पारखली होती, हे त्या शिक्क्यांवरून जाणकाराला कळतं.

दसऱ्याच्या साफसफाईत हेच शिक्के जातात. पॉलिश पेपर, बफिंग, चकाचक नळी, आणि नंबर गायब. यात दुहेरी नुकसान आहे. संग्राहकाच्या दृष्टीने बंदुकीची ओळख पुसली जाते, आणि शस्त्र कायद्याच्या कलम 8 प्रमाणे खूण नसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती खूण खोडली असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. हलकं तेल आणि मऊ फडकं, एवढंच पुरे. नळी कापून आखूड करणं तर सरळ गुन्हा.

जुनी आहे म्हणजे सूट आहे का?

सोशल मीडियावर सर्रास सांगितलं जातं की शंभर वर्षं जुन्या बंदुकीला लायसन लागत नाही. हे अर्धवट आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला कायद्यातून वगळतं, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. म्हणजे नुसतं वय पुरत नाही. नवा घोडा बसवून चालू होणारी ठासणीची बंदूक यात बसत नाही.

फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने आणखी एक सवलत दिली: क्युरिओ, म्हणजे संग्राह्य वस्तू या वर्गातली लहान शस्त्रं घ्यायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. मात्र ती वापरायला, बरोबर घेऊन फिरायला किंवा एका जागेवरून दुसरीकडे न्यायला परवाना लागतोच. आपली बंदूक या वर्गात बसते की नाही, हे घरबसल्या ठरवू नये. जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावं.

वारसाचा खरा मार्ग

2016 च्या शस्त्र नियमांत एक तरतूद आहे, जी फार कमी घरांना माहीत असते. परवानाधारकाच्या वयाला 70 वर्षं झाली, किंवा बंदूक त्याच्याकडे 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा ती त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. आजोबा स्वतः सही करायला हजर असताना हे काम जितकं सोपं, तितकं ते गेल्यावर राहत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, भावाबहिणींची ना हरकत. एक बहीण पुण्यात, एक भाऊ परदेशात, आणि बंदूक अधांतरी.

आजोबा गेलेच असतील, तर बंदूक विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागते. मग वारसाने स्वतःच्या नावावर परवाना मागायचा. वय किमान 21, पोलिसांची चौकशी, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण. अर्ज केला म्हणजे परवाना मिळालाच असं नाही.

संख्येचीही मर्यादा आहे. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. 2019 च्या दुरुस्तीने त्या दोनवर आल्या, आणि वारशाने आलेल्या बंदुकाही त्याच दोनात मोजायच्या. जुन्या वाड्यांना हा नियम जड गेला. ज्यांच्याकडे पिढ्यांचा संग्रह होता त्यांना निवड करावी लागली.

बोअरचा प्रश्न वेगळा. .303 सारखी लष्करी काडतुसांची रायफल प्रतिबंधित बोअरमध्ये येते आणि तिचे नियम फारच कडक आहेत. माजी सैनिकांच्या भागात हे ठाऊक असलेलं बरं.

एकदा उडवून बघू?

मुळीच नाही. ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच ठासलेला असू शकतो, आणि कोरडी काळी दारू अनेक दशकांनीही पेटते. अशी बंदूक समईशेजारी ठेवणं किती धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको. दुनळीतही धोका आहे. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती बहुधा दमास्कस पद्धतीची: लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून जोडलेल्या. अशा बऱ्याच नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेल्या आहेत. आजचं बारा बोअरचं काडतूस आत सहज बसतं, पण त्याच्या दाबाने नळी हातात फुटू शकते. लग्नात किंवा वरातीत हवेत बार काढला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे वेगळंच.

परवाना नको असेल किंवा मिळत नसेल, तर परवानाधारक विक्रेत्याला विकणं हा एक रस्ता, आणि परवाना असलेल्या संग्रहालयाला देणं दुसरा. शंभर वर्षांहून जुनी बंदूक पुरावस्तू ठरते, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाकडे पाठवून देण्याचा विचारही करू नये.

जमा करायला जातानाही बंदूक गाडीत टाकून निघू नये. आधी पोलीस ठाण्यात कळवून ती कशी आणायची ते विचारावं. पावतीवर बनवणाऱ्याचं नाव, नंबर, बोअर आणि नळीची लांबी लिहून घ्यावी, सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. ठरलेल्या मुदतीत कुणी वारस पुढे आला नाही, तर जमा झालेली बंदूक सरकारजमा करण्याचा आदेश जिल्हाधिकारी देऊ शकतात.