अडीच मिनिटांचा रोबो आणि दिवसभराची ट्रॉली

आधी एक साधं गणित. अमेरिकेतल्या शाळांच्या 'फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशन'मध्ये एक सामना साधारण अडीच मिनिटांचा असतो. समजा एखाद्या टीमला एका स्पर्धेत १२ सामने खेळायला मिळाले, तर रोबो मैदानावर एकूण किती वेळ? अर्धा तास. मग उरलेले दोन-तीन दिवस तो कुठे असतो? कधी पार्किंगमध्ये, कधी लिफ्टसमोर, कधी दुरुस्तीच्या टेबलाशेजारी, कधी मैदानाबाहेरच्या रांगेत. आणि या सगळ्या वेळात तो उभा असतो एका ढकलगाडीवर. तिचा फोटो कोणी काढत नाही, तिला बक्षीसही नाही. बहुतेक टीममध्ये ती शेवटच्या आठवड्यात, उरलेल्या अँगलमधून आणि प्लायच्या तुकड्यांतून बनते.

आज या ट्रॉलीचाच इतिहास सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, ट्रॉलीचा कसला आलाय इतिहास? आहे, आणि बराच मोठा आहे.

सुरुवात एमआयटीपासून करू. १९७० च्या दशकात वूडी फ्लॉवर्स या प्राध्यापकांनी तिथला '२.७०' नावाचा डिझाइनचा कोर्स नावारूपाला आणला. प्रत्येक विद्यार्थ्याला सुट्या भागांची एकसारखी पेटी द्यायची, त्यातून यंत्र बनवायला लावायचं आणि मग सगळ्यांसमोर त्या यंत्रांची झुंज लावायची. ही यंत्रं टेबलावर मावणारी, त्यामुळे वाहतुकीचा प्रश्नच नव्हता. दोन्ही हातांत उचलायचं आणि चालायला लागायचं. पुढे डीन केमन यांनी (हो, सेगवे बनवणारे तेच) १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली. फ्लॉवर्स त्यांच्या सोबत होते. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका हायस्कूलच्या व्यायामशाळेत २८ टीम जमल्या आणि पहिली स्पर्धा झाली.

नंतर रोबो वाढत गेले. कित्येक वर्षं वजनाची मर्यादा १२० पौंड, म्हणजे साधारण ५४ किलो होती (नंतर ती थोडी वरखाली झाली). त्यात बॅटरी आणि बंपर धरलेले नसत. ती सहा किलोची लेड-ॲसिड बॅटरी आणि बंपर धरले की आकडा ७० किलोच्या आसपास जातो. एवढं वजन, तेही कडा आणि कोपरे असलेलं, उचलणार कोण? तर पंधरा-सोळा वर्षांची शाळकरी मुलं. ट्रॉलीची खरी गरज इथे सुरू झाली.

तरीही बरीच वर्षं तिचं काम मर्यादित होतं. रोबो बनवायला सहा आठवडे मिळत. मुदत संपली की तो लाकडी खोक्यात भरून कुरिअरने थेट स्पर्धेच्या गावी जायचा. ट्रॉली लागायची ती हॉलमधल्या हॉलमध्ये, गुळगुळीत जमिनीवर. मग २००९ मध्ये मिशिगनमध्ये वेगळी पद्धत आली. मुदत संपली की रोबो मोठ्या प्लास्टिक पिशवीत घालायचा, तिला नंबर असलेलं सील लावायचं आणि स्पर्धेला स्वतः घेऊन यायचं. पुढच्या काही वर्षांत हे इतरत्रही पसरलं. २०२० च्या हंगामापासून तर सीलही गेलं आणि सहा आठवड्यांची मुदतही गेली.

नियमातला बदल कागदावर छोटासा होता, पण ट्रॉलीचं आयुष्य बदलून गेलं. आता तिला शाळेचं दार, ट्रेलरचा उतार, पार्किंगमधली खडी, दारातला उंबरा असं सगळं पार करायचं होतं. कुरिअरवाल्यांचं काम मुलांच्या अंगावर आलं आणि मुलांनी ते ट्रॉलीवर टाकलं.

हा प्रश्न फक्त शाळकरी मुलांना पडतो असं नाही. पालोमार वेधशाळेच्या हेल दुर्बिणीचा आरसा घ्या. व्यास २०० इंच, म्हणजे पाच मीटरपेक्षा जास्त. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगला तो ओतला आणि घासायला न्यायचा होता कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला. एवढी रुंद वस्तू आडवी ठेवून रेल्वेने नेणं अशक्य. मग काचेची ती अजस्र चकती खास खोलगट वाघिणीत उभी ठेवली, तिचा खालचा भाग रुळांपासून जेमतेम काही इंचांवर. मार्ग ठरवला तो कोणत्या पुलाखालून आणि बोगद्यातून ती जाईल हे मोजून. गाडी फक्त दिवसा चालायची, वेग ताशी २५ मैलांच्या आत. २६ मार्च १९३६ ला निघालेली गाडी १० एप्रिलला पोहोचली. म्हणजे दुर्बीण खगोलशास्त्रज्ञांनी आखली खरी, पण ती घरी येणार की नाही हे ठरवलं रेल्वेच्या पुलांनी.

दुसरं उदाहरण तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं असणार. सॅटर्न पाच रॉकेट उभ्या स्थितीत जोडायचं आणि उभंच लाँचपॅडपर्यंत न्यायचं असं नासाने ठरवलं. न्यायचं कसं? कालवा खणून तराफ्यावरून, की रुळांवरून? दोन्हींवर विचार झाला. शेवटी काम दिलं मॅरियन पॉवर शॉव्हेल या ओहायोतल्या कंपनीला, जी खाणींसाठी अजस्र फावडी बनवायची. तिने बनवलेला क्रॉलर म्हणजे सुमारे २,७०० टनांचा पट्ट्यांवर चालणारा गाडा. रॉकेट घेऊन वेग ताशी सुमारे एक मैल, आपण याहून जोरात चालतो :-). शेवटच्या पाच टक्के चढावर तो आपली पाठ अशी सरळ ठेवतो की रॉकेटचं टोक बास्केटबॉलएवढंही हलू नये. १९६५ च्या चाचणीत त्याच्या बेअरिंगचे तुकडे रस्त्यावर पडलेले सापडले आणि चंद्रमोहिमेच्या वेळापत्रकालाच घोर लागला. रोलर बेअरिंग काढून काशाची स्लीव्ह बेअरिंग बसवली तेव्हा काम मार्गी लागलं. सुधारणा केलेला असाच एक क्रॉलर २०२२ मध्ये आर्टेमिस १ ला घेऊन गेला. सॅटर्न निवृत्त होऊन अर्धशतक झालं, गाडा अजून नोकरीत होता!

आता परत आपल्या ट्रॉलीकडे. या दोन्ही गोष्टींतून एकच सूत्र निघतं: वाट आधी मोजायची आणि यंत्र नंतर आखायचं. 'फर्स्ट'च्या अलीकडच्या नियमपुस्तकांत ट्रॉलीला अट आहे की ती ३० इंची दारातून गेली पाहिजे. २०१२ पर्यंत रोबोची चौकट जास्तीत जास्त २८ बाय ३८ इंच असायची. म्हणजे अरुंद बाजू पुढे करून दारातून जेमतेम जाणार, आणि बंपर लावले की अडकणार. ज्या टीमने ट्रॉलीची रुंदी रोबोएवढी धरली आणि हँडल बाजूला काढलं, ती दारातच थांबली म्हणून समजा.

दुसरी गोष्ट चाकांची. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतात म्हणून तीन इंची चाकं घेतली जातात. रोबोसकट ट्रॉली १०० किलोची धरू आणि पुढच्या दोन चाकांवर त्यातले ५० किलो. समोर अर्ध्या इंचाचा, म्हणजे साधारण १२ मिलिमीटरचा उंबरा आहे. ७५ मिलिमीटर व्यासाचं चाक त्यावर चढवायला सुमारे ५४ किलोचा आडवा जोर लागतो, म्हणजे चाकांवरच्या वजनापेक्षाही जास्त. २०० मिलिमीटरचं चाक असेल तर तोच जोर २७ किलो होतो. बरोबर निम्मा! आणि लहान चाक उंबऱ्याला अडलं की वरचा रोबो थांबत नाही, तो पुढे झुकतो. मग पट्टा बांधलेला नसेल तर पुढचं सांगायला नको.

तिसरी गोष्ट उंचीची. ट्रॉली बुटकी ठेवली तर ती सहजी उलटत नाही, पण मुलांना वाकून काम करावं लागतं आणि ७० किलो जमिनीलगतून उचलावे लागतात. कमरेएवढी केली तर पाठ वाचते, पण गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती डुलायला लागते. यातून वाट काढायची तर पाया रुंद हवा, पण पाया रुंद केला की पुन्हा तेच ३० इंची दार आडवं येतं. शिवाय रोबोची स्वतःची चाकं अधांतरी ठेवायची, म्हणजे ट्रॉलीवरच मोटारी फिरवून बघता येतात. हे सगळं वाचून कोणी म्हणेल का की यात इंजिनिअरिंग नाही?

आपल्याकडचं चित्र थोडं वेगळं. एबीयू रोबोकॉन ही कॉलेजांची स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली आणि २००८ मध्ये तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली. त्या वर्षीचा खेळ बेतला होता चक्क दहीहंडीवर! देशातली फेरीही अनेक वर्षं बालेवाडीला व्हायची, आणि भारतभरातून पोरं रोबो घेऊन रेल्वेने, टेम्पोने यायची. रेल्वेच्या डब्याचं दार, प्लॅटफॉर्मचा जिना, टेम्पोची फळी, यांच्यापुढे कुठली ट्रॉली टिकणार? त्यामुळे इथल्या टीमनी दुसरा मार्ग धरला: रोबोच सुटा करायचा. आमच्या कॉलेजच्या टीमचा रोबो हॉस्टेलच्या गाद्यांमध्ये गुंडाळून टेम्पोतून गेला होता. वरचा हात वेगळा, खालची चौकट वेगळी, मध्ये मोजके बोल्ट आणि एकच वायरचा कनेक्टर. सोय म्हणून केलेल्या या जोडणीचा फायदा स्पर्धेतही झाला, कारण बिघडलेला भाग दहा मिनिटांत काढता यायचा. म्हणजे इथेही प्रवासानेच यंत्राला आकार दिला.

तेव्हा टीममध्ये एक अलिखित पद्धत होती. सीनियर लोक कंट्रोल आणि मेकॅनिझम बघणार आणि ट्रॉली, पॅकिंग, टेम्पो हे फर्स्ट इयरवाल्यांकडे. रिपोर्टमध्ये त्याला एक पानही नाही. सॉफ्टवेअरच्या नोकरीत आल्यावर तेच चित्र दिसलं: फीचर लिहिणाऱ्याची नावं स्लाइडवर, आणि ते सुखरूप सर्व्हरवर पोहोचवणारा रात्री दोन वाजता एकटा जागा.

म्हणून जे कोणी यंदा कॉलेजात रोबो बनवत असतील, किंवा अशा टीमला पैसे आणि सल्ला देत असतील, त्यांना एवढंच सुचवेन. पहिल्या मीटिंगला मोजपट्टी घेऊन बाहेर पडा. लॅबचं दार, लिफ्ट, जिन्याचं वळण, टेम्पोचा हौदा मोजा आणि ते आकडे फळ्यावर सगळ्यात वर लिहा. आणि ट्रॉली ज्या फर्स्ट इयरच्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्याल, तिचं किंवा त्याचं नाव रिपोर्टच्या पहिल्या पानावर, ड्रायव्हरच्या नावाशेजारी टाका.